‘सगळं करा’ म्हणण्याआधी: लिव्हिंग विल कसं करायचं आणि त्याच्यावर किती विसंबायचं

‘डॉक्टर, पैशाचं बघू आम्ही, पण सगळं करा.’ बाबांच्या वेळी हे वाक्य मी म्हटलं होतं. रात्रीचे पावणेदोन, आयसीयूच्या दारात काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग, नर्सनं पुढे धरलेला फॉर्म. तिनं बोटानं जागा दाखवली, मी सही केली. त्या ‘सगळं’मध्ये काय काय बसतं ते पुढच्या अकरा दिवसांत कळत गेलं. घशातली नळी त्यांनी उपसू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात गॉजच्या पट्ट्यांनी कठड्याला बांधले होते. बहीण म्हणे, आता काढा. भाऊ म्हणे, काढणारे आपण कोण? बाबांना स्वतःला काय हवं होतं हे आम्हा तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ते भांडण बाबा गेल्यावरही वर्षभर चाललं.

म्हणून आईचं लिव्हिंग विल केलं, म्हणजे स्वतःला सांगता येणार नाही अशा वेळी कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीनं कोण बोलणार, हे आधीच लिहून ठेवणारा कागद. काही जण त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. ते कसं केलं, कुठे अडलो आणि आज परत करायचं झालं तर काय वेगळं करीन, ते इथं क्रमानं सांगतो. पण या कागदाच्या उपयोगाबद्दल खुद्द डॉक्टरांमध्येच मोठा वाद आहे. तो माहीत नसेल तर बहुतेक लोक करतात ती चूक तुम्हीही कराल, म्हणून आधी त्याबद्दल.

आधी वाद समजून घ्या

लिव्हिंग विलची कल्पना लुइस कुटनर या शिकागोच्या वकिलानं १९६९ मध्ये मांडली. अमेरिकेनं १९९० मध्ये कायदाच केला, की रुग्णालयानं दाखल होणाऱ्या रुग्णाला या हक्काची माहिती द्यायची. कल्पना सरळ होती: शुद्धीत असताना लिहून ठेवा, शुद्ध गेल्यावर डॉक्टर ते वाचतील आणि तसं वागतील.

तसं झालं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांमधला ‘सपोर्ट’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नऊ हजारांहून जास्त गंभीर रुग्ण होते. प्रशिक्षित नर्स रुग्णाशी, घरच्यांशी बोलून त्यांच्या इच्छा डॉक्टरांपर्यंत पोचवत होत्या. तरीही आयसीयूतले दिवस कमी झाले नाहीत की वेदना कमी झाल्या नाहीत. २०२० मध्ये युरोपातल्या सहा देशांमधल्या १,११७ कर्करुग्णांच्या अभ्यासातही अशा ठरवून केलेल्या संवादामुळे रुग्णांच्या जीवनमानात फरक पडलेला दिसला नाही. मग २०२१ मध्ये शॉन मॉरिसन, डायन मायर आणि रॉबर्ट अर्नोल्ड यांनी ‘जामा’ या नियतकालिकात लिहिलं, की या वाटेवर आपण फार वेळ आणि पैसा घातला, हाती काही लागलं नाही. तिघंही उपशामक उपचारांतले (आजार बरा होणार नसेल तेव्हा त्रास कमी करणारे उपचार), म्हणजे ज्या गोटानं ही कल्पना वाढवली त्याच गोटातले. त्यामुळे वादळ उठलं.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. धडधाकट माणूस काल्पनिक आजाराबद्दल आज जे ठरवतो, ते त्या आजारात सापडल्यावर बदलतं. आणि प्रत्यक्ष वेळ येते ती कागदात लिहिलेल्या प्रसंगासारखी कधीच नसते. त्यापेक्षा त्या क्षणी नीट निर्णय घेता येण्याची तयारी करा.

दुसरी बाजूही पोकळ नाही. मेलबर्नमध्ये ८० आणि त्यापुढच्या वयाच्या ३०९ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये आला. पाठपुराव्याच्या काळात त्यातले ५६ जण वारले. या ५६ जणांत ज्यांच्याशी आधी नीट बोलणं झालं होतं त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांच्या इच्छा माहीत होत्या आणि पाळल्या गेल्या. बाकीच्यांत हे प्रमाण ३० टक्के. शिवाय मागे राहिलेल्या नातेवाइकांना ताण आणि नैराश्य कमी आलं. आमचं भांडणाचं वर्ष आठवलं की मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

या वादातून मी एक गोष्ट घेतली, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत: ‘हा उपचार हवा, तो नको’ अशी यादी करण्यात जीव आटवू नका. आपल्या वतीनं कोण बोलणार ते ठरवा, आणि त्या माणसाला आपलं मन इतकं सांगा की अनपेक्षित प्रसंगातही त्याला ते वापरता येईल. प्रतिनिधी नेमण्याला टीकाकारांचाही फारसा विरोध नाही.

पायरी पहिली: बोलणारा माणूस निवडा

आपल्याकडे हा प्रश्न किती खोल आहे हे परिचारिका अरुणा शानबाग यांच्या उदाहरणावरून दिसतं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. २०११ मध्ये त्यांना मरू द्यावं का हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा निम्मा वाद हाच होता, की त्यांच्या वतीनं बोलायचं कोणी? याचिका करणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी, की इतकी वर्षं त्यांना भरवणाऱ्या केईएमच्या परिचारिकांनी? न्यायालयानं केईएमच्या कर्मचाऱ्यांचा अधिकार मानला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं गेल्या तोवर त्या केईएममध्येच होत्या. त्यांना स्वतःला काय हवं असतं, हे कळण्याचा मार्ग कुणाकडेच नव्हता.

तर माणूस कोण? थोरला मुलगा हे आपलं ठरलेलं उत्तर. मी म्हणेन, थांबा. हा माणूस तीन गोष्टींत बसतो का बघा: तासा-दोन तासांत फोनवर सापडतो का, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारू शकतो का, आणि त्याला स्वतःला पटत नसलं तरी तुमचं म्हणणं मांडेल का. तिसरी कसोटी सगळ्यात अवघड. जीव लावणारा माणूस त्यात हमखास नापास होतो. आईनं मला न निवडता बहिणीला निवडलं. ‘तू रडतोस आणि सही करतोस,’ म्हणाली. लागलं, पण खरं होतं.

२०२३ च्या नियमबदलापासून आपल्या वतीनं बोलायला एकापेक्षा जास्त पालक (गार्डियन) किंवा जवळचे नातेवाईक नेमता येतात. दोघांना नेमा, पण आधी कोण आणि तो न सापडल्यास कोण, हे लिहा. अमेरिकेत किंवा दुबईत असलेल्या मुलाला पहिलं नाव देऊ नका. त्याचा राग येईल, तर तो आत्ताच येऊ द्या. परदेशातून विमानानं येऊन चौथ्या दिवशी ‘माझ्या वडिलांना मारताय का’ म्हणणारा मुलगा प्रत्येक आयसीयूला ओळखीचा असतो.

पायरी दुसरी: बोला, आणि उपचारांबद्दल नको

नुसतं नाव देऊन भागत नाही. २००६ मध्ये १६ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा रुग्णाला काय हवं असेल याचा नातेवाइकांचा अंदाज ६८ टक्के वेळाच बरोबर निघाला. दर तिसऱ्या वेळी चूक. रुग्णानं स्वतः निवडलेला माणूसही याला अपवाद नव्हता.

आपल्या घरांत हे बोलणं सुरू करणंच कठीण. ‘अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते’ हे ऐकून घ्यावं लागतं. समोर बसवून ‘आई, तुझ्या शेवटाबद्दल बोलू’ असं म्हणालात तर ती उठून जाईल. कुणा तिसऱ्याचं निमित्त घ्या. आमच्याकडे शेजारच्या काकांच्या दहाव्याहून परतल्यावर विषय निघाला. आई मेथी निवडत होती. ‘सुटले बिचारे,’ म्हणाली. मी विचारलं, सुटले म्हणजे कशातून? काडी मोडत म्हणाली, ‘अरे, सहा महिने सुनेच्या हातून सगळं करून घ्यायचं. माणूस ओळखत नाही, बोलत नाही. त्याला काय जगणं म्हणतात?’ मग मी फक्त विचारत गेलो.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. दिवसात अशी कोणती गोष्ट आहे जी गेली तर जगण्यात राम नाही? कशाची जास्त भीती वाटते: वेदनांची, परावलंबी होण्याची, की पैसे संपण्याची? वेळ घरी यावी की दवाखान्यात? थोडे जास्त दिवस मिळण्यासाठी किती सोसायची तयारी आहे? आणि सगळ्यात उपयोगाचा: तू एक सांगितलंस आणि त्या वेळी डॉक्टर आणि ताई दुसरं म्हणाले, तर त्यांना मोकळीक आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टीकाकारांच्या मुख्य आक्षेपाला परस्पर निकालात काढतं. आई म्हणाली, ‘ताईनं त्या वेळी बघून ठरवावं. पण मला माणसं ओळखू येत नसतील तर ओढत बसू नका.’

एका बैठकीत हे होत नाही. आम्हाला चार महिने लागले.

याच काळात फॅमिली डॉक्टरांकडे अर्धा तास मागून घ्या आणि शब्दांचे खरे अर्थ विचारा. व्हेंटिलेटर म्हणजे फक्त ऑक्सिजनचा मास्क नव्हे. सीपीआर म्हणजे बंद पडलेलं हृदय चालू करायला मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबणं; म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात बऱ्याचदा मोडतात. डायलिसिस कधी चार दिवसांचा असतो, कधी जन्माचा. नाकातल्या नळीनं पोट भरतं, पण चव नसते. आईला ही शेवटची गोष्ट ऐकूनच नको झाली.

पायरी तिसरी: दोन कागद करा

हा माझा स्वतःचा जुगाड आहे, पण त्यामागे कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार कागदातला मजकूर मोघम असेल तर वैद्यकीय मंडळ तो बाजूला ठेवू शकतं. म्हणजे कायद्याला हवी स्पष्टता, आणि आयुष्य तर स्पष्ट नसतं. म्हणून कायद्याचा कागद एका पानाचा, नेमका. आणि घरच्यांसाठी पत्र, हवं तेवढं लांब.

कायद्याच्या कागदात ‘माझे हाल करू नका’ हे चालणार नाही; ते मोघम आहे. ‘मला व्हेंटिलेटर नको’ हे उलट जास्तच नेमकं. उद्या साध्या न्यूमोनियात तीन दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस चालत घरी येत असेल, तर हे वाक्य आड येईल. अट आधी, उपचार नंतर, असं लिहा. आमचा मसुदा साधारण असा होता:

‘मी हे पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय आणि परिणाम समजून घेऊन लिहीत आहे. मला बरा न होणारा, मृत्यूकडे नेणारा आजार झाला असेल, उपचारांनी सुधारणा होण्याची आशा उरली नसेल, आणि मला स्वतःचा निर्णय सांगता येत नसेल, तर केवळ मरण लांबवणारे उपचार, म्हणजे व्हेंटिलेटर, सीपीआर, डायलिसिस आणि नळीवाटे अन्न, सुरू करू नयेत. सुरू असल्यास काढून घ्यावेत. वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी करणारे उपचार शेवटपर्यंत पूर्ण द्यावेत.’ त्याखाली नेमलेल्या दोघांची नावं, आणि हा कागद आपण केव्हाही रद्द करू शकतो हे आपल्याला माहीत असल्याचं एक वाक्य.

वेदना कमी करण्याबद्दलची ओळ गाळू नका. ‘उपचार थांबवा’ याचा अर्थ ‘लक्ष देऊ नका’ असा घेतला जाण्याची भीती खरी आहे.

पत्रात बाकी सगळं. आईनं लिहिलं: घर विकू नका. नातवाची परीक्षा असेल तर त्याला बोलावू नका. मुखात गंगा ताईनं घालावी. एका ओळीत ‘हा निर्णय माझा आहे, कुणी स्वतःला दोष देऊ नये’ असंही आहे. वकिलाच्या दृष्टीनं त्या ओळीला काही किंमत नाही. बाबांच्या खिशात तशी चिठ्ठी सापडती, तर आमची काय किंमत वाचली असती हे आम्हालाच ठाऊक.

मालमत्तेचं मृत्युपत्र यात मिसळू नका, ते वेगळं. देहदान-अवयवदानाचे फॉर्मही वेगळे. मानसिक आजारातल्या उपचारांबद्दलची आगाऊ सूचना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली येते, तीही वेगळी.

पायरी चौथी: सही, साक्षीदार, नोटरी

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, येतो असं सांगून लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण तेव्हा कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, आणि त्या वाटेला फारसं कुणी जाईना. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानंच नियम सोपे केले. आता लागतं ते एवढं: करणारा सज्ञान आणि विचार करण्याच्या स्थितीत हवा, दोन साक्षीदार हवेत, शक्यतो बाहेरचे, आणि नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही हवी.

साक्षीदार म्हणून ज्यांना वारसाहक्कानं काही मिळणार आहे त्यांना टाळा. शेजारी, निवृत्त सहकारी, भिशीतली मैत्रीण चांगली. आईच्या दोन्ही साक्षीदार भजनी मंडळातल्या. सही झाल्यावर दोघींनीही मसुद्याची झेरॉक्स मागून घेतली.

नोटरी गोंधळतात. कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेल्या ज्यांच्याकडे आम्ही गेलो, ते आधी म्हणाले, ‘इच्छामरणाचं आम्ही करत नाही.’ समजावून सांगावं लागलं, की हे इच्छामरण नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे आजही गुन्हा आहे; इथे फक्त निरर्थक झालेला उपचार थांबवण्याची गोष्ट आहे. २०२३ च्या आदेशाची प्रत बरोबर न्या, काम लवकर होतं. स्टॅम्प पेपर मागितला तर देऊन टाका, तिथे वाद घालत बसू नका.

पायरी पाचवी: प्रत पोचवा

कपाटात कुलूप लावून ठेवलेला कागद नसल्यातच जमा. नेमलेल्या दोघांना, फॅमिली डॉक्टरांना आणि स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला प्रत द्यायची असते: महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत. हवं तर डिजिटल आरोग्य नोंदीतही जोडता येते.

कागदावर हे सोपं दिसतं. आमच्या गावच्या कार्यालयात पहिल्या खिडकीवर ‘मृत्युपत्र रजिस्ट्रारकडे’ असं सांगितलं, दुसऱ्या खिडकीवर ‘मृत्यू दाखला पलीकडे.’ आई खुर्चीत बसून हसत होती. शेवटी आवक-जावकमध्ये अर्ज जोडून प्रत दिली आणि पोच घेतली. तुम्हीही तेच करा: पोच घ्या, तारखेचा शिक्का घ्या.

ही अडचण आमच्यापुरती नव्हती. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं आणि ते सांभाळणारे अधिकारीच नेमलेले नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली. न्यायमूर्तींनी स्वतः रांगेत उभं राहिल्यावर खिडकीवरच्या कारकुनालाही अर्थ कळतो.

पायरी सहावी: प्रत्यक्ष वेळ आल्यावर

कागद दाखवला आणि नळी काढली, असं होत नाही. रुग्णाला निर्णय सांगता येत नसेल आणि आजार सुधारण्यापलीकडे गेला असेल तरच तो कागद लागू होतो. अपघात, झटका, ताप यांत नेहमीसारखेच उपचार होतात. उपचार करणारे डॉक्टर कागद खरा आहे का ते तपासतात. मग रुग्णालय प्राथमिक मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांच्यानंतर दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. नेमलेल्या माणसाची संमती लागते आणि अंमलापूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

कागद नसला तरी हीच वाट घरच्यांच्या संमतीनं चालता येते. मग कागद कशाला? कारण तेव्हा ‘घरचे’ म्हणजे कोण, इथूनच सुरुवात होते.

आणि एक सूचना, डॉक्टरांच्या भाषेबद्दल. मंडळाची कटकट नको म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘डामा घ्या’ असं सुचवलं जातं, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेणं. सही करण्याआधी विचारा: घरी धाप लागली तर काय द्यायचं? रात्री फोन कुणाला करायचा? मॉर्फिन कोण लिहून देणार? २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मॉर्फिनसारखी औषधं मिळण्यातले अडथळे कमी झाले आहेत, पण ती लिहून देणारा डॉक्टर आधी शोधून ठेवावा लागतो. मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या अवस्थेतल्या कर्करुग्णांना सांभाळतं, टाटा रुग्णालयात उपशामक उपचारांचा विभाग आहे. तुमच्या जिल्ह्यात कोण आहे ते आज विचारून ठेवा.

पायरी सातवी: बदला

वर्षातून एकदा, आणि मोठं आजारपण किंवा घरातला मृत्यू झाला की, दोन्ही कागद काढून वाचा. नवा केलात तर शेवटचा वैध धरला जातो. जुन्याच्या प्रती जिथे दिल्या तिथे लेखी कळवा.

आईच्या पत्रात पहिल्या वर्षी एक ओळ होती: ‘माझे पाय गेले तर मला जगवू नका.’ पुढच्या पावसाळ्यात ती अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, वॉकर आला. टीकाकार म्हणतात ते हेच. गणपतीनंतर कागद बाहेर काढले तेव्हा मी ती ओळ मोठ्यानं वाचली. ती वॉकरवर हात टेकून ओट्याशी उभी होती, कढीला फोडणी देत. ‘खोड ती,’ म्हणाली. त्याबरोबर कायद्याच्या कागदात नळीच्या अन्नाबद्दलही तिला एक अट बदलायची होती, म्हणून परत नोटरीकडे गेलो. तेच गृहस्थ, तीच छत्री. या वेळी त्यांनी काही समजावून मागितलं नाही, सरळ रजिस्टर पुढे केलं. सही करून झाल्यावर आईनं त्यांना विचारलं, ‘दर वर्षी येणाऱ्या गिऱ्हाइकाला काही सूट देता का?’